दुरावा मिटवायचा, तर कर्मवीर आठवा

नेत्यावर कार्यकर्त्याचा भरवसा नाही आणि नेत्याला कार्यकर्त्याची फिकीर नाही, ही तक्रार आपल्या वस्त्यांत नवी नाही. ती ऐकली की आम्हाला नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड आठवतात.

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी 15 ऑक्टोबर 1902 रोजी जन्मलेले भाऊराव कृष्णाजी गायकवाड हे बाबासाहेबांचा नाशिकमधील उजवा हात. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा भार त्यांनी वाहिला. पाच वर्षे लोकांनी मारहाण आणि तुरुंगवास सोसला. दार उघडले नाही, तरी लोक नेत्यांवर उलटले नाहीत. कारण दादासाहेब लोकांबरोबर होते आणि लढा का थांबवायचा, हे बाबासाहेबांनी उघडपणे सांगितले.

3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट दुरुस्त, तर दादासाहेबांचा नादुरुस्त म्हणून ओळखला जाऊ लागला. सुशिक्षित विरुद्ध धोतरवाले असा वाद पेटला. चूक कोणाची, यावर आजही एकमत नाही. घाव मात्र समाजाला बसला.

दादासाहेबांनी पुन्हा लोकांच्या भाकरीचा प्रश्न हाती घेतला. 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. फाटाफुटीचा राग पोटात असूनही समाज उठला. आमच्या मते, समाजाने आपल्या नेत्यांना केलेली ती क्षमाच होती.

पण क्षमा कायमची मिळत नाही. 1967 मध्ये काँग्रेसशी समझोता झाला आणि नाराजी पुन्हा वाढली. 29 डिसेंबर 1971 रोजी कर्मवीर गेले. पुढच्याच वर्षी संतप्त तरुणांनी दलित पँथर उभी केली.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू प्रवारणा करतात. माझे दोष दाखवा, अशी संघाला विनंती करतात. आमच्या नेत्यांनीही वर्षातून एकदा कार्यकर्त्यांपुढे असे बसावे. चूक कबूल करावी, हिशेब द्यावा आणि लोकांच्या लढ्यात पुढे उभे राहावे. मग कार्यकर्त्यांनीही जुनी अढी सोडावी. चूक झाकणाऱ्याला माफी देणे म्हणजे समाजाची फसवणूक. चूक सुधारणाऱ्याला माफी नाकारणे म्हणजे चळवळीचे नुकसान.