रामानुजनची बदली

बँकेत असताना बढतीसह आलेली बदली नाकारणारे अर्ज मी पुष्कळ वाचले. कारण बहुधा एकच : घरी आई आहे. श्रीनिवास रामानुजनचेही तेच. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या, महिना ३० रुपये पगाराच्या या कारकुनाला १९१३ साली हार्डींनी केंब्रिजला बोलावले, तर त्याने चक्क नकार दिला. समुद्र ओलांडणे सोवळ्यात बसत नव्हते. पुढे देवीने आईला दृष्टांत दिला म्हणतात. मला त्यात आईचेच शहाणपण दिसते. १७ मार्च १९१४ रोजी तो शेंडी कापून बोटीत बसला. तिकडे गणित बहरले. प्रकृती मात्र युद्धकाळातल्या अपुऱ्या शाकाहारात ढासळली. १९१९ला परतला, पुढच्या वर्षी गेला. वय ३२. मागे ठेवलेली पत्नी जानकी १९९४पर्यंत हयात होती. मद्रासला शिवणकाम करून तिने कितीतरी वर्षे काढली.