आगरकर व ‘हॅम्लेट’

आम्हां विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना शेक्सपिअरचें नाटक म्हणजे परीक्षेचें एक ओझें वाटतें. अशांनीं गोपाळ गणेश आगरकरांचें चरित्र अवश्य पाहावें.

आगरकरांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं गरीब कुटुंबांत झाला. अनेक हाल सोसून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून एम्. ए. झाले, परंतु मोठ्या पगाराची आशा सोडून त्यांनीं न्यू इंग्लिश स्कूलमध्यें अल्प वेतनावर शिक्षकाचें काम पत्करलें. १८८१ सालीं निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक होत. कोल्हापूरच्या दिवाणांविषयीं छापलेल्या मजकुरामुळें १८८२ सालीं त्यांना व टिळकांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांतहि आगरकर ‘हॅम्लेट’च्या भाषांतरांत गढलेले होते. १८८३ सालीं तें ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें. डेन्मार्कचा राजपुत्र मराठींत चंद्रसेन झाला, आणि पुढें गणपतराव जोशी यांनीं ती भूमिका रंगभूमीवर गाजविली. पित्याच्या खुनाचा सूड घेण्याच्या विचारानें पोळलेल्या त्या मुलाचें दुःख इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकांसहि कळलें.

वयाचीं ३९ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८९५ सालीं आगरकर निवर्तले. कॉलेजांत मिळविलेली विद्या त्यांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं. वर्गांत वाचलेलें नाटक घरीं आईला मराठींत समजावून सांगतां येईल, इतकें तें आम्हांस उमगलें आहे काय, हें आम्हीं स्वतःस विचारूं या.