जॉर्ज बूल

जॉर्ज बूल (२ नोव्हेंबर १८१५, लिंकन, इंग्लंड – ८ डिसेंबर १८६४, कॉर्क, आयर्लंड) हे इंग्लिश गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. तर्कातील विधानांवर बीजगणिताच्या रीतीने क्रिया करण्याची पद्धत त्यांनी मांडली. संगणकाच्या आज्ञावलीत केवळ 'सत्य' आणि 'असत्य' ही दोन मूल्ये धारण करणाऱ्या विदाप्रकाराला, म्हणजेच डेटा टाइपला, त्यांच्यावरून 'बूलियन' हे नाव मिळाले.

जीवन

बूल यांचे वडील जॉन हे चर्मकार होते. दुर्बिणी बनवण्याच्या छंदापुढे त्यांचे धंद्याकडे दुर्लक्ष होई. जॉर्ज यांनी लॅटिनचे प्राथमिक धडे एका पुस्तकविक्रेत्याकडून घेतले. ग्रीक ते स्वतःच शिकले. चौदाव्या वर्षी त्यांनी केलेले एका ग्रीक कवितेचे भाषांतर स्थानिक वृत्तपत्रात छापून आले, तेव्हा इतक्या लहान मुलाला हे शक्य नाही, असा आक्षेप एका शिक्षकाने घेतला. वडिलांचा धंदा बुडाल्यावर सोळाव्या वर्षी घराचा भार त्यांच्यावर आला आणि ते शिक्षक झाले. १८३४ मध्ये त्यांनी लिंकन येथे स्वतःची शाळा काढली. लाग्रांज व लाप्लास यांचे ग्रंथ त्यांनी शाळा सांभाळून अभ्यासले. विद्यापीठाची पदवी त्यांना कधीच घेता आली नाही. तरीही १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले आणि १८४९ मध्ये कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले.

तर्काचे बीजगणित

ही पद्धत त्यांनी १८४७ च्या पुस्तिकेत प्रथम आणि १८५४ च्या 'लॉज ऑफ थॉट' या ग्रंथात सविस्तर मांडली. त्यांच्या चिन्हांचा अर्थ संख्या नसून वस्तूंचे वर्ग असा होता. उदाहरणार्थ, 'क्ष' म्हणजे लातूर जिल्ह्यातील गावे आणि 'य' म्हणजे १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेली गावे असे मानल्यास, 'क्ष × य' या गुणाकारात दोन्ही अटी पूर्ण करणारी गावे येतात. किल्लारी त्यात येते. शेजारच्या जिल्ह्यातील सास्तूर 'य' मध्ये असूनही येत नाही. एकच अट दोनदा लावल्याने यादी बदलत नाही, म्हणून 'क्ष × क्ष = क्ष'. साध्या अंकगणितात हा नियम केवळ ० आणि १ या संख्यांनाच लागू पडतो. बूल यांच्या पद्धतीत ० म्हणजे रिक्त वर्ग आणि १ म्हणजे विचाराधीन सर्व वस्तू. या दोन अंकांची निवड सोयीखातर झाली नव्हती. ती या नियमातूनच निघाली.

कुटुंब आणि भारत

१८५५ मध्ये त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. मेरी यांचे काका कर्नल जॉर्ज एव्हरेस्ट भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख होते. विल्यम लॅम्बटन यांचे १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे निधन झाल्यावर ते काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले होते. काकांमार्फत भारतीय विचार बूल यांच्यापर्यंत पोहोचला, असे मेरी यांनी १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना लिहिले. बूल यांच्या ग्रंथांतून मात्र या मताला स्पष्ट आधार मिळत नाही. या दांपत्याच्या पाच मुलींपैकी अ‍ॅलिशिया चौमितीय भूमितीसाठी, तर एथेल 'द गॅडफ्लाय' या कादंबरीसाठी प्रसिद्ध झाल्या.

१८६४ च्या हिवाळ्यात बूल पावसात भिजत महाविद्यालयात गेले आणि ओल्या कपड्यांतच त्यांनी व्याख्यान दिले. त्यातून उद्भवलेल्या फुप्फुसाच्या आजाराने ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सर्वांत धाकटी मुलगी तेव्हा तान्ही होती.

विदाप्रकार

१९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी विजेच्या रिलेंची उघडी व बंद स्थिती याच बीजगणिताने मांडता येते, हे दाखवले. पुढे अल्गोल ६० या भाषेत 'बूलियन' हा स्वतंत्र प्रकार आला. सी भाषेला तो १९९९ च्या मानकापर्यंत नव्हता; तोवर शून्य म्हणजे असत्य आणि इतर कोणतीही संख्या सत्य, एवढ्यावरच काम चाले. जावामध्ये सत्य व असत्य यांची संख्यांशी बेरीज करता येत नाही. पायथनमध्ये मात्र सत्य अधिक सत्य याचे उत्तर २ येते. तिथे 'असत्य' हा शब्द अवतरणात, म्हणजे मजकूर म्हणून, लिहिला तर तो रिकामा नसल्याने सत्य धरला जातो. नवशिक्यांची गफलत बहुधा इथेच होते.

आजचे बूलियन बीजगणित हुबेहूब बूल यांचे नाही. त्यांच्या पद्धतीत परस्परांपासून वेगळ्या असलेल्या वर्गांचीच बेरीज अर्थपूर्ण ठरे, म्हणून '१ + १' ला स्वतंत्र अर्थ नव्हता. 'क्ष + क्ष = क्ष' हा नियम विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी स्वीकारला आणि दोन्ही विधाने सत्य असतानाही सत्य ठरणारा आजचा 'किंवा' त्याच वाटेने आला.