पिस्तूल असं बनवलं की खोलायला पाना लागू नये. जॉन ब्राउनिंगची गोष्ट

नेमबाजीच्या स्पर्धेत ‘1911’ घराण्यातलं पिस्तूल वापरणाऱ्यांची एक जुनी डोकेदुखी आहे. नेम अचूक लागावा म्हणून महागडे पार्ट बसवायचे, आणि मग साफसफाईसाठी पिस्तूल खोलायची वेळ आली की पाना शोधत बसायचं. गंमत म्हणजे ज्या माणसाने हे पिस्तूल बनवलं, त्याने ते खोलायला पाना लागणारच नाही अशी सोय 115 वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म 1855 चा, अमेरिकेतल्या युटा भागातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करायचे. त्यांना तीन बायका आणि 22 मुलं. पोरगं दुकानातल्या भंगारातच वाढलं. गावकरी मोडलेली बंदूक घेऊन यायचे आणि हा ती खोलून बसायचा. कुठला पार्ट आधी मोडतो, कुठली पिन हरवते, हे त्याला शाळेत नाही, याच टेबलावर कळलं.

1879 साली त्याला पहिलं पेटंट मिळालं, एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलचं. भावांना घेऊन त्याने गावातच ती बनवायला सुरुवात केली. 1883 मध्ये विंचेस्टर कंपनीचा मोठा अधिकारी थेट ऑग्डेनला आला आणि 8,000 डॉलर मोजून हक्क घेऊन गेला. पुढची 19 वर्षं हाच व्यवहार चालला. ब्राउनिंगने डिझाइन द्यायचं, कंपनीने ठरलेली रक्कम द्यायची. त्यातली कित्येक डिझाइन कंपनीने बनवलीच नाहीत. ती प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत एवढ्यासाठीच विकत घेतली होती.

1902 साली मात्र बिनसलं. आपोआप भरणाऱ्या शॉटगनवर त्याने ठोक रकमेऐवजी प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने नकार दिला. मग तो रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीच्या दिवशीच त्या कंपनीचे अध्यक्ष हृदयविकाराने गेले. शेवटी त्याने बोट पकडली आणि बेल्जियममधल्या एर्स्टालची एफएन कंपनी गाठली. तिथे सौदा झाला.

पिस्तुलांचं काम तोवर अमेरिकेत कोल्ट कंपनीसोबत सुरू होतं. सुरुवातीच्या पिस्तुलांत एक धोका होता. वरची सरकणारी स्लाइड मागच्या बाजूने निघायची आणि तिला पुढे एकच आडवी पाचर अडवून धरायची. ती पाचर नसली किंवा तुटली तर गोळी सुटताच स्लाइड नेमबाजाच्या तोंडावर यायची भीती. ब्राउनिंगने मांडणीच बदलली. स्लाइड पुढून चढवायची केली, नळीखालच्या दोन कड्यांची एकच कडी ठेवली आणि नळीच्या तोंडाशी बुशिंग नावाची फिरणारी कडी बसवली.

आता खोलणं किती सोपं झालं बघा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली की नळीखालची टोपी अंगठ्याने दाबायची, बुशिंग फिरवायचं, स्प्रिंग बाहेर. स्लाइड खाचेपर्यंत मागे घेऊन बाजूची पिन काढली की नळीसकट स्लाइड पुढे सरकून हातात येते. अवजार काही नाही. त्याही पुढे जाऊन आतले पार्ट काढायचे असतील, तर घोड्याला जोडलेली बारीक दांडी पिना ढकलायला कामी येते. पिस्तुलाचा पार्ट हेच पिस्तुलाचं अवजार!

मार्च 1911 मध्ये अमेरिकन सैन्याने कस लावला. प्रत्येक पिस्तुलातून 6,000 गोळ्या. ब्राउनिंग स्वतः हजर होता. सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल 37 वेळा अडलं, त्याचं एकदाही नाही. 29 मार्चला ते सैन्यात दाखल झालं आणि 1985 पर्यंत अमेरिकेचं अधिकृत पिस्तूल राहिलं.

हेच पिस्तूल पुढे ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांत गाजलं, आणि तिथूनच ती डोकेदुखी सुरू झाली. सैनिकी पिस्तुलाचे पार्ट जरा सैल असतात. चिखल-मातीत चालायचं तर ते हवंच. स्पर्धेत मात्र नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसायला हवी. म्हणून घट्ट बुशिंग बसवतात, जे बोटांनी फिरत नाही. स्प्रिंगच्या आत पूर्ण लांबीची दांडी घालतात, जी टोपीतून आरपार येते आणि अंगठ्याने टोपी दाबणं अवघड होतं. दांडी दोन तुकड्यांची असेल तर अ‍ॅलन की हवी. बुशिंगच नसलेली जाड नळी घेतली तर ताणलेली स्प्रिंग धरून ठेवायला दांडीच्या भोकात वाकवलेली तार अडकवा.

यातल्या घट्ट बुशिंगचा फायदा उघड आहे. लांब दांडीने नेम सुधारतो का, यावर मात्र नेमबाजांत आजही वाद आहे. म्हणूनच अनेक जण बुशिंग चांगलं, पण हाताने किंवा हलक्या पान्याने फिरेल इतपतच घट्ट घेतात आणि दांडी मूळची आखूडच ठेवतात. थोडक्यात, खोलायला सोपं हवं असेल तर दुकानातला सगळ्यात साधा आणि स्वस्त पार्ट निवडावा लागतो. तो ब्राउनिंगचाच असतो.

ब्राउनिंगला स्पर्धा नवीन नव्हत्या. ऑग्डेनच्या चौघा नेमबाजांचा एक नावाजलेला संघ होता, त्यात तो आणि त्याचा भाऊ मॅट दोघेही होते.

त्याच्या नावावर 128 पेटंट जमली. सगळा वारसा काही अभिमानाचा नाही. 1914 साली साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडणाऱ्या गाव्ह्रिलो प्रिन्सिपच्या हातात ब्राउनिंगनेच डिझाइन केलेलं एफएनचं पिस्तूल होतं.

26 नोव्हेंबर 1926 ला एफएनच्या कारखान्यात, मुलगा व्हॅलच्या ऑफिसात काम करत असतानाच त्याचं हृदय थांबलं. टेबलावर एक नवं पिस्तूल अर्धवट होतं. ते त्याचा सहकारी दिउदोने सेव्ह याने पूर्ण केलं आणि 1935 मध्ये ‘हाय पॉवर’ नावाने बाजारात आलं. पश्चिम बंगालच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत भारतीय सैन्यासाठी बनलेलं 9 एमएमचं पिस्तूल त्याचंच भावंड. त्यात नळीच्या तोंडाशी वेगळं काढायचं बुशिंगच नाही. ते स्लाइडमध्येच पक्कं बसवलेलं आहे.