आशाहीनांच्या यादीतील कवयित्री

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात साउथ हॅडली या गावी मेरी लायन या करारी शिक्षिकेने १८३७ साली मुलींच्या उच्च शिक्षणासाठी माउंट होल्योक ही संस्था उघडली. तेथे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि लॅटिन शिकवले जाई. पण मुलींच्या आत्म्याची काळजीही तितक्याच कसोशीने वाहिली जाई. ख्रिस्तावरील श्रद्धा जाहीर केलेल्या, तशी आशा बाळगणाऱ्या आणि आशा नसलेल्या असे विद्यार्थिनींचे तीन वर्ग पाडलेले असत. त्या परंपरेत आशा हा नित्याच्या वापरातील सैल शब्द नव्हता. आपला आत्मा तारला जाणार आहे, असा मनाला आलेला विश्वास म्हणजे आशा. आणि तो आला की दहा जणांसमोर सांगायचा असे. १८४७ च्या शरद ऋतूत जवळच्या ॲमहर्स्ट गावाहून आलेली एमिली डिकिन्सन ही मुलगी तिसऱ्या वर्गात गणली गेली. प्रार्थनासभा झाल्या, समजावणी झाली, मैत्रिणी एकामागून एक वरच्या वर्गात गेल्या. एमिली मात्र वर्षअखेरीस शाळा सोडून घरी परतली तेव्हाही आशाहीनांतच होती.

आशेवरील इंग्रजीतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध भावकविता याच मुलीने पुढे लिहिली. हा योगायोग मानून सोडून देण्यासारखा नाही. त्या कवितेतील रूपक समजून घ्यायचे तर हे आयुष्य पाहावे लागते.

एमिलीचा जन्म १० डिसेंबर १८३० चा. आजोबा सॅम्युएल फाउलर डिकिन्सन हे ॲमहर्स्ट कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. वडील एडवर्ड नामांकित वकील, कॉलेजचे खजिनदार आणि काही काळ अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. घरात शिस्त होती, ग्रंथ होते आणि गावात मान होता. थोरला भाऊ ऑस्टिन आणि धाकटी बहीण लव्हिनिया यांच्यासह एमिली वाढली. शाळकरी वयात तिने चारशेहून अधिक फुलापानांचे नमुने वाळवून, चिकटवून, बहुतेकांखाली शास्त्रीय नावे लिहून एक वनस्पतिसंग्रह सिद्ध केला. वस्तूकडे नीट पाहावे आणि तिला नेमके नाव द्यावे, ही सवय तेव्हाची.

१८५० साली ॲमहर्स्टमध्ये धर्मजागृतीची मोठी लाट आली. त्या वर्षी वडिलांनी चर्चचे सदस्यत्व घेतले, लव्हिनियाने घेतले, पुढे ऑस्टिनची पत्नी झालेली जिवलग मैत्रीण सुसान गिल्बर्ट हिनेही घेतले. एमिलीने कधीच घेतले नाही. ईश्वर, मृत्यू आणि अमरत्व यांचा विचार तिने जन्मभर सोडला नाही. पण जी खात्री मनाला आली नाही ती आली असे सांगणे तिला जमले नाही. कालांतराने तिने चर्चमध्ये जाणेही थांबवले.

१८५५ साली हे कुटुंब आजोबांनी बांधलेल्या विटांच्या घरात परतले. पुढील वर्षी ऑस्टिन व सुसान यांचा विवाह झाला आणि शेजारीच त्यांचे घर उभे राहिले. या दोन घरांत आणि मधल्या बागेत एमिलीचे उरलेले जवळजवळ सर्व आयुष्य गेले. ती पाव भाजी, आजारी आईची शुश्रूषा करी, बागेची निगा राखी. हळूहळू तिने लोकांत मिसळणे कमी केले आणि पुढे पुढे पांढरी वस्त्रेच परिधान करू लागली. गावात तिच्याविषयी आख्यायिका पसरल्या. पण जगाशी तिचे नाते तुटले नव्हते. ते पत्रांतून चालू होते. एकट्या सुसानकडेच तिने सुमारे २५० कविता पाठवल्या.

१८५८ च्या सुमारास तिने आपल्या कविता स्वच्छ अक्षरात उतरवून, कागद दुमडून, दोऱ्याने शिवून लहान वह्या करण्यास आरंभ केला. सहा-सात वर्षांत अशा चाळीस वह्या तयार झाल्या. त्या कोणासाठी, हे तिने कोणालाही सांगितले नाही. हीच वर्षे अमेरिकेतील यादवी युद्धाची. १८६२ च्या मार्चमध्ये ॲमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांचा तरुण मुलगा फ्रेझर स्टर्न्स नॉर्थ कॅरोलिनातील लढाईत मारला गेला आणि सारे गाव सुन्न झाले. आशेवरील ती कविता अभ्यासकांच्या मते १८६१-६२ च्या सुमाराची. सुखाच्या निवांत दिवसांत ती लिहिली गेली नाही, एवढे तरी यावरून स्पष्ट होते.

कविता अवघ्या बारा ओळींची आहे. तिची चाल चर्चमधील स्तोत्रांची आहे. चार आणि तीन आघातांच्या आलटून-पालटून येणाऱ्या ओळींचा तो छंद ॲमहर्स्टमधील लहान मुलांच्याही कानात बसलेला होता. ज्या चर्चने आशेची अट घातली, त्याच चर्चच्या छंदात एमिलीने आशेची आपली व्याख्या बांधली. ती आरंभ करते तीही कोशकाराच्या पद्धतीने. आशा हा शब्द ती अवतरणचिन्हांत ठेवते, जणू इतरांनी वापरून गुळगुळीत केलेला तो शब्द प्रथम बाजूला काढून तपासायचा आहे. मग ती पिसांचा उल्लेख करते; पक्षी हा शब्द नंतर येतो, आणि कोणता पक्षी हे तर शेवटपर्यंत येत नाही.

या पक्ष्याची जागा, गाणे आणि भूक या तीन गोष्टी रूपकाचा कणा आहेत. त्याचे बसण्याचे ठिकाण माणसाचा आत्मा. म्हणजे तो बाहेरून, कोणाच्या अनुग्रहाने येत नाही. त्याच्या गाण्याला शब्द नाहीत. ज्याला शब्द नाहीत ते सभेत उभे राहून जाहीर करता येत नाही, त्याची परीक्षा घेता येत नाही आणि त्यावरून कोणाची वर्गवारीही करता येत नाही. हे गाणे वादळात अधिक गोड लागते. पण वादळ पुरेसे क्रूर असेल तर पक्षी भेदरू शकतो, हेही कवयित्री मान्य करते. आशा अजिंक्य आहे असा दावा ती करीत नाही.

भुकेची गोष्ट तिने शेवटासाठी राखून ठेवली आहे. थंडगार प्रदेशांत आणि अनोळखी समुद्रांवर साथ देणाऱ्या या पक्ष्याने मोबदल्यात पावाचा एक कणही कधी मागितला नाही. हिवाळ्यात पाखरांना दाणे टाकणाऱ्या घरांत वाढलेल्या वाचकांना या प्रतिमेचे आश्चर्य चटकन कळले असेल, कारण खरा पक्षी दाण्यासाठीच दाराशी येतो. माउंट होल्योकमध्ये आशेची किंमत होती. ती कबुलीच्या रूपाने चुकवावी लागे. एमिलीच्या पक्ष्याला किंमत नाही. आशाहीनांच्या यादीत बसवलेल्या मुलीने चौदा-पंधरा वर्षांनी दिलेले उत्तर म्हणून या ओळी वाचता येतात. अर्थात तिने स्वतःची ही व्याख्याही अंतिम मानली नाही. नंतरच्या एका कवितेत तिने आशेला खादाडाचे रूप दिले आहे. आशा काही मागत नाही, हे जिने लिहिले, तिलाच आशा माणसाला आतून खातही असते, हे दिसले होते.

१८६२ च्या एप्रिलमध्ये तिने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवून त्यांत प्राण आहे की नाही, असे विचारले. अटलांटिक मंथली या मासिकात त्याने नवलेखकांना उद्देशून लेख लिहिला होता. हिगिन्सन सज्जन होता, गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. पण तिची तुटक वाक्ये आणि जागोजागी येणाऱ्या आडव्या रेघा पाहून तो गोंधळला. प्रकाशनाची घाई करू नये, असे त्याने सुचवले. पत्रव्यवहार मात्र तिच्या मृत्यूपर्यंत टिकला. तिच्या हयातीत जेमतेम दहा-एक कविता छापल्या गेल्या, त्याही निनावी.

१८६४ आणि १८६५ मध्ये डोळ्यांच्या विकारामुळे तिला अनेक महिने केंब्रिजमध्ये राहून उपचार घ्यावे लागले. त्यानंतर वियोगांची मालिका सुरू झाली. १८७४ साली वडील गेले. पुढच्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती १८८२ पर्यंत अंथरुणावर राहिली. १८८३ साली ऑस्टिनचा आठ वर्षांचा मुलगा गिल्बर्ट विषमज्वराने दगावला. या आघातातून एमिली पुरती सावरली नाही. १५ मे १८८६ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, तिने जगाचा निरोप घेतला.

बहिणीच्या इच्छेप्रमाणे लव्हिनियाने तिला आलेली पत्रे जाळून टाकली. कवितांबद्दल मात्र काही सूचना नव्हती. पेटीत शिवलेल्या वह्या आणि सुटे कागद सापडले, तेव्हा घरातल्यांनाही त्यांच्या संख्येची कल्पना नव्हती. आज ज्ञात कविता सुमारे १८०० आहेत. एमिलीला समोरासमोर कधीही न भेटलेल्या मेबल लूमिस टॉड यांनी हिगिन्सनच्या साहाय्याने १८९० साली पहिला संग्रह काढला आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. आशेवरील कविता १८९१ च्या दुसऱ्या संग्रहात आली. संपादकांनी यमके घासली, रेघा काढल्या, शीर्षके दिली. एमिलीचे मूळ लेखन समग्र रूपात वाचकांसमोर येण्यास टॉमस जॉन्सन यांची १८५५ नव्हे, तर थेट १९५५ ची आवृत्ती उजाडावी लागली; म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ६९ वर्षे गेली.

ही कविता आज शुभेच्छापत्रांवर आणि भिंतींवर सर्रास आढळते, आणि तेथे ती गोड धीर देणारी वाटते. मुळात तिने असा धीर दिलेला नाही. वादळ शमेल, युद्ध थांबेल, गेलेला मुलगा परत येईल, यांपैकी कशाचेही आश्वासन बारा ओळींत नाही. गाणे चालू असते, आणि ते ऐकण्यासाठी कोणत्याही यादीत नाव असावे लागत नाही, एवढेच एमिली डिकिन्सनने सांगितले.