विश्लेषण : बॅकबे भराव घोटाळा उघड करणाऱ्याचेच नाव भराव जमिनीला! कोण होते ‘वीर’ नरिमन?

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून समुद्राकडे निघालात की तुम्ही वीर नरिमन रोडवर असता. मरीन ड्राइव्हला पोहोचून डावीकडे वळलात की समोर नरिमन पॉइंटच्या उंच इमारती दिसतात. रोज लाखो लोक हे नाव उच्चारतात. पण नरिमन कोण, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात.

खुर्शेद फ्रामजी नरिमन हे वकील होते, मुंबईचे महापौर होते आणि काँग्रेसचे मोठे नेते होते. मुंबईच्या समुद्रात भराव टाकून जमीन तयार करण्याच्या सरकारी योजनेतला गोंधळ त्यांनी चव्हाट्यावर आणला. त्यासाठी त्यांच्यावर फौजदारी खटलाही भरला गेला. आज त्यांचे नाव ज्या नरिमन पॉइंटला आहे, ती जमीनही भरावाचीच आहे. हे कसे घडले?

बॅकबे योजना काय होती?

मुंबई मुळात सात बेटांची. भराव टाकून शहर वाढवणे इथे नवे नव्हते. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधल्या उथळ उपसागराला बॅकबे म्हणतात. १८६०च्या दशकात कापसाच्या तेजीत एका खासगी कंपनीने तिथे भराव टाकण्याचा घाट घातला होता. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरच्या सट्ट्यासोबत ती कंपनीही बुडाली.

पहिल्या महायुद्धानंतर ही कल्पना पुन्हा पुढे आली. मुंबईत जागेची प्रचंड टंचाई होती आणि भाडी कडाडली होती. १९१८ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेले सर जॉर्ज लॉइड मोठमोठ्या कामांचे भोक्ते होते. सिंधमधील सक्करच्या धरणाला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. मुंबईसाठी त्यांनी १९२० मध्ये स्वतंत्र ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’, म्हणजे विकास खाते उभे केले. कर्जरोखे काढून पैसा उभारला गेला आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवला गेला.

या खात्याकडे दोन मोठी कामे होती. एक, कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधणे. दोन, बॅकबेमध्ये १,१४५ एकर जमीन समुद्रातून वर काढणे. ही जमीन आठ ब्लॉकमध्ये विभागली होती. सर जॉर्ज बुकॅनन या ब्रिटिश अभियंत्याने खर्चाचा अंदाज दिला साडेतीन कोटींच्या थोडा पुढे. जमीन विकून खर्च भरून निघेल आणि वर नफाही होईल, असा सरकारचा हिशेब होता.

योजना फसली कुठे?

आधी कामाची पद्धत समजून घेऊ. समुद्रात लांबलचक दगडी भिंत बांधायची. मग ड्रेजर या गाळ उपसणाऱ्या जहाजाने मुंबई बंदरातला गाळ खेचायचा आणि पाइपमधून भिंतीच्या आत सोडायचा. पाणी निघून जाईल, गाळ खाली बसेल, त्यावर मुरूम टाकला की जमीन तयार.

हे सगळे तीन आकड्यांवर उभे होते. ड्रेजर तासाला किती गाळ उपसेल, त्यातला किती गाळ भिंतीच्या आत टिकेल आणि त्यासाठी किती वर्षे लागतील. तिन्ही आकडे चुकले. गव्हर्नरांचेच नाव दिलेला ‘सर जॉर्ज लॉइड’ हा ड्रेजर ठरल्याइतका गाळ उपसू शकला नाही. जो गाळ आला तो मऊ चिखल होता आणि त्यातला बराचसा दगडी भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जाऊ लागला. काम लांबले, खर्चाचा अंदाज काही वर्षांतच दुपटीच्या आसपास पोहोचला. तोपर्यंत युद्धानंतरची तेजीही ओसरली आणि जमिनीचे भाव उतरले. खर्च वर आणि भाव खाली अशा कात्रीत योजना सापडली.

१९२३ च्या अखेरीस लॉइड मायदेशी परतले. मुंबईकरांनी योजनेला नाव ठेवले, लॉइडचा खुळेपणा.

नरिमन यात कसे आले?

नरिमन यांचा जन्म १८८३ मध्ये एका पारशी कुटुंबात झाला. पेशाने ते वकील. १९२०च्या दशकात ते मुंबईच्या विधिमंडळात पोहोचले. त्या काळी विधिमंडळाला मर्यादित अधिकार होते, खरी सत्ता गव्हर्नर आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या हाती होती. योजना सरकारी कचेऱ्यांत ठरली होती. ज्या शहराच्या नावावर कर्ज आणि कर चढत होते, त्या शहरातल्या लोकांना कोणी फारसे विचारले नव्हते.

मात्र विधिमंडळात प्रश्न विचारता येत असे आणि नरिमन यांनी तेच हत्यार वापरले. अंदाज कोणी दिला, कोणत्या पाहणीवर दिला, किती गाळ उपसला, किती टिकला, कोणाला किती पैसे दिले, याचा त्यांनी पाठपुरावा केला. सभागृहात उत्तर मिळाले नाही तर ते जाहीर सभांत आणि वर्तमानपत्रांत बोलत. योजना फक्त चुकलेली नाही, विकास खात्यात गैरव्यवहारही झाला आहे, असा त्यांचा थेट आरोप होता.

चौकशी समितीने काय केले?

ओरड इतकी वाढली की १९२६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवूड मिअर्स तिचे अध्यक्ष होते. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे माजी विद्यार्थी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही समितीत होते.

पुरेशा तांत्रिक छाननीशिवाय आणि नीट देखरेखीशिवाय काम पुढे रेटले गेले, हे या चौकशीतून समोर आले. समितीच्या शिफारशीनुसार मधले ३ ते ६ क्रमांकाचे ब्लॉक सोडून देण्यात आले. फक्त १, २, ७ आणि ८ पूर्ण करायचे ठरले. १,१४५ एकरांचे स्वप्न सुमारे ४४० एकरांवर आले. त्यातलाही मोठा तुकडा, कुलाब्याकडचा आठवा ब्लॉक, लष्कराकडे गेला.

मग खटला कशाचा?

विकास खात्यातले एक अभियंता टी. हार्वे यांनी नरिमन यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला दाखल केला. हा ‘हार्वे-नरिमन खटला’ त्या काळी देशभर गाजला.

इथे कायद्याचा एक मुद्दा महत्त्वाचा आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेनुसार बदनामीच्या खटल्यात आरोपीला बचाव घेता येत असे की, मी म्हणालो ते खरे आहे आणि लोकहितासाठी म्हणालो. किंवा सद्‍भावनेने, लोकहित जपण्यासाठी आरोप केला. पण हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येत असे. म्हणजे नरिमन यांना एकतर माघार घ्यायची होती, नाहीतर विकास खात्याचा कारभार कोर्टात पुराव्यानिशी मांडायचा होता. हरले असते तर शिक्षा, वकिलीवर परिणाम आणि राजकारणाला खीळ, हे सगळेच समोर होते.

त्यांनी माघार घेतली नाही. जे सभागृहात झाकले जात होते ते साक्षी-पुराव्यांत आले. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. मुंबईकरांनी त्यांना ‘वीर’ म्हणायला सुरुवात केली ती या लढ्यामुळे आणि पुढच्या सत्याग्रहांमुळे.

विकास खात्याच्या चाळींचे काय झाले?

५० हजार खोल्यांपैकी सुमारे १६ हजारच बांधून झाल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला (आताचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२, अशा २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. याच त्या बीडीडी चाळी. नावातले ‘बीडीडी’ म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट.

सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीतल्या चाळींचा वापर सत्याग्रहींना डांबण्यासाठी झाला. नंतर मात्र गिरणी कामगारांच्या पिढ्या याच खोल्यांत वाढल्या. यातल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास आता म्हाडा करत आहे.

नरिमन यांचे पुढे काय झाले?

मिठाच्या सत्याग्रहात ते मुंबईतल्या आघाडीच्या नेत्यांत होते आणि तुरुंगातही गेले. मुंबई प्रदेश काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी पक्षातही सोडली नाही. १९३३ मध्ये त्यांनी ‘व्हिदर काँग्रेस?’ हे पुस्तक लिहून पक्षाच्या वाटचालीवर टीका केली. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर होते.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीनंतर मुंबईत काँग्रेसचे सरकार येणार हे दिसत होते. पंतप्रधानपद (आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपद) नरिमन यांना मिळेल, असे अनेकांना वाटत होते. विधिमंडळ पक्षाने मात्र बाळ गंगाधर खेर यांची निवड केली. यामागे सरदार वल्लभभाई पटेल यांचा हात असल्याचा आरोप नरिमन यांनी केला. महात्मा गांधी आणि डी. एन. बहादुरजी यांनी चौकशी केली. निकाल नरिमन यांच्या विरोधात गेला आणि पक्षातली जबाबदारीची पदे त्यांच्यासाठी बंद झाली. हा वाद अजून मिटलेला नाही. मौलाना आझाद यांनी आत्मचरित्रात नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचे मत मांडले, तर पटेलांची बाजू घेणारे अभ्यासक चौकशीच्या निकालाकडे बोट दाखवतात.

नंतर नरिमन सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. स्वातंत्र्य मिळालेले त्यांनी पाहिले, पण सत्तेचे पद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग त्यांचे नाव भराव जमिनीला कसे?

१ आणि २ क्रमांकाच्या ब्लॉकवर १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि त्याच्या काठच्या इमारती उभ्या राहिल्या. यातल्या आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडची व्हिक्टोरियन गॉथिक वास्तुसंपदा यांना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. म्हणजे ज्या योजनेची शहराने टर उडवली, तिच्याच जमिनीवर मुंबईची सर्वांत लाडकी सडक आहे. ही गोष्ट नरिमन यांच्या विरोधात जात नाही. त्यांचा आक्षेप खोट्या अंदाजांना आणि लपवलेल्या हिशेबांना होता.

मधले सोडून दिलेले ब्लॉक स्वातंत्र्यानंतर पुन्हा हाती घेतले गेले. त्या भरावातून नरिमन पॉइंट आणि कफ परेडचा नवा भाग तयार झाला. चर्चगेट स्ट्रीटला आणि या नव्या व्यापारी भागाला नरिमन यांचे नाव मिळाले. पण तिथेही वाद संपले नाहीत. १९७०च्या दशकात बॅकबेमधले भूखंड जाहीर लिलावाशिवाय, कमी दरात दिले जात असल्याची तक्रार घेऊन पिलू मोदी आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते.

आज आपल्याला काय विचारता येते?

नरिमन यांच्या काळात सामान्य माणसाला योजनेचे कागद बघायची सोय नव्हती. आज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ मधल्या कलम २६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते. मंजूर आराखड्यात फेरबदल करून एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल, तर कलम ३७ नुसार पुन्हा नोटीस काढावी लागते. शिवाय २००५ पासून माहिती अधिकार कायदा आहे.

याचा उपयोग होतो का? मुंबईच्या २०१४-३४ च्या प्रारूप आराखड्याचे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रस्ते, वारसा वास्तू, प्रार्थनास्थळे चुकीची दाखवल्याचे नागरिकांनी नकाशे उघडून दाखवून दिले. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले.

पण बहुतेक नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येतात आणि मुदत संपून जाते. आपल्या वॉर्डातल्या मैदानाचे किंवा बाजाराचे आरक्षण बदलत असेल, तर विचारायचे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचेच आहेत. पाहणी कोणी केली? अंदाज कशावरून काढला? पैसे कोण भरणार आणि जमीन कोणाला मिळणार? नरिमन यांनी हे प्रश्न विचारले तेव्हा त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले होते. आज त्यासाठी मुदतीत दिलेला एक अर्ज पुरतो.