ब्राँझला पैसे नव्हते, म्हणून रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि खड्यांतून शिल्पं उभी केली

दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दाराशी दगडाचे दोन भलेमोठे पुतळे आहेत, यक्ष आणि यक्षी. ते रामकिंकर बैज यांनी घडवले. दहा वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं. पण रामकिंकर समजून घ्यायचे असतील, तर शांतिनिकेतनला जावं लागतं. तिथं त्यांची शिल्पं उघड्यावर, झाडांमध्ये उभी आहेत. दगडाची नाहीत, सिमेंटची.

रामकिंकर यांचा जन्म १९०६ सालचा, बंगालमधल्या बांकुड्याचा. घर न्हाव्याचं, परिस्थिती बेताची. मूर्ती घडवणाऱ्या कुंभारांकडे बघत बघत पोरगं मातीत हात घालायला शिकलं. असहकार चळवळीच्या काळात त्यांनी नेत्यांची चित्रं रंगवून दिली. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चॅटर्जी मूळचे बांकुड्याचेच. त्यांनी या मुलाला हेरलं आणि १९२५ मध्ये तो शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाला. गुरू मिळाले नंदलाल बोस.

आता अडचण अशी, की मोठं शिल्प करायचं तर ब्राँझ लागणार, आणि ब्राँझचं ओतकाम म्हणजे बक्कळ खर्च. तेवढे पैसे ना रामकिंकर यांच्याकडे होते, ना संस्थेकडे.

मग त्यांनी पायाखाली बघितलं. शांतिनिकेतनची जमीन लाल, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी. त्या दगडाचे बारीक खडे त्यांनी सिमेंट आणि वाळूत कालवले. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर हा ओला माल हातानं फेकून मारायचा आणि तो घट्ट होत आला की छाटून आकार काढायचा. काम जवळपास गवंड्याचंच. सिमेंट थांबत नाही, त्यामुळे हातही झपाझप चालवावा लागायचा. वरून घोटून गुळगुळीत करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. खडे दिसतात, तर दिसू देत.

याच मालातून १९३८ मध्ये ‘संथाल कुटुंब’ उभं राहिलं. गाव सोडून कामाच्या शोधात निघालेलं जोडपं. पुरुषाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपलीत मूल, बाईच्या डोक्यावर बोजा, सोबत कुत्रं. त्या काळी पुतळे व्हायचे राजांचे आणि लाटसाहेबांचे, तेही उंच चौथऱ्यावर. इथं मजूर माणसं होती, खऱ्या माणसांपेक्षा मोठी आणि जवळपास जमिनीवरच. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून अनेक जण याचंच नाव घेतात. संथाल बायकांच्या अंगाखांद्यावर जी लाल धूळ असायची, तीच शिल्पात कालवलेली. संगमरवरात हे जमलं असतं का, शंकाच आहे.

१९५६ च्या ‘मिल कॉल’मध्ये दोन संथाल बायका गिरणीचा भोंगा ऐकून धावतायत. अंगावरची ओली लुगडी वाऱ्यावर वाळतायत. सिमेंटचं कापड उडताना बघायचं असेल, तर हे शिल्प बघा.

१९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पैशाची चणचण मात्र सुटली नाही. १९७५ मध्ये दिग्दर्शक ऋत्विक घटक त्यांच्यावर डॉक्युमेंटरी करत होते. त्यात रामकिंकर सांगतात की घराचं छप्पर गळतं, म्हणून आपली तैलचित्रं तिथं लावली आहेत, ऑइल पेंटमधून पाणी झिरपत नाही. पुढच्याच वर्षी घटक गेले आणि फिल्म अर्धवट राहिली. रामकिंकर २ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात गेले.